फार सरळ चालणारं विमान

"विमान देखणं आहे, पण त्यात जीव नाही," असं मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि उठून चहाचं पाणी ठेवायला गेलो. कुणी चार वर्षं खपून केलेल्या कामाबद्दल असं वाक्य लिहायचं म्हणजे मला मध्ये चहा लागतो. त्यातून ते काम रोझलिंड थ्रॉवर यांचं होतं.

आमच्या मंडळातली विमानं खरी नसतात. घरच्या संगणकावर विमान उडवायची हौस असलेली आम्ही काही माणसं दर शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये जमतो. सिम्युलेटर, म्हणजे ते उड्डाणाचं सॉफ्टवेअर, घेतला की त्याच्याबरोबर काही विमानं मिळतात. बाकीची कुठले कुठले हौशी लोक घरी बसून बनवतात, आणि ती वरून जोडून घ्यायची असतात. अशी जोडविमानं तपासून त्यांच्यावर मंडळाच्या पत्रिकेत लिहायचं काम माझ्याकडे आहे. ते मला का दिलं हे मला आजवर कळलेलं नाही. मी जन्मभर वाचनालयात नोकरी केली. खऱ्या विमानात मी फक्त प्रवासी म्हणून बसलो आहे, आणि तेव्हाही खिडकीकडची जागा मागायचं धाडस झालं नव्हतं. बाकी जे काही कळतं ते वाचून.

परीक्षकाचा होकार आल्याशिवाय कुठलंही विमान मंडळाच्या संगणक-यंत्रावर चढवायचं नाही, असा आमचा नियम आहे. त्यालाही कारण घडलं. एका जत्रेत आम्ही न तपासलेलं बॉम्बफेकी विमान लोकांना दाखवायला ठेवलं आणि त्यातला वैमानिक नगराध्यक्षाबाईंच्या डोळ्यांदेखत पंखावर उलटा उभा राहिला. परीक्षकाने शनिवारी आपला अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि तोवर विमान बनवणाऱ्याशी त्या विषयावर अवाक्षर बोलायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

रोझलिंडबाई पियानोचे सूर लावतात. आमच्या लिंकनशर परगण्यातल्या निम्म्या चर्चमधले आणि शाळांमधले पियानो त्यांच्या हाताखालून गेले आहेत. त्यांचे वडील पन्नासच्या दशकात हवाईदलात शिक्षक होते आणि नव्या पोरांना प्रोव्होस्ट नावाच्या विमानावर शिकवायचे. एक इंजिन, शेपटीखाली छोटं चाक, आणि पुढे शेजारी शेजारी दोन जागा: डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे शिक्षक. तसलं एक खरं प्रोव्होस्ट आमच्या जवळच्या जुन्या विमानतळावरच्या म्युझियममध्ये उभं आहे. रोझलिंडबाईंनी त्याचा एकेक खिळा मोजून ते संगणकावर उभं केलं होतं. म्युझियमचा खुला दिवस दोन आठवड्यांवर आला होता. त्या दिवशी खऱ्या प्रोव्होस्टच्या पंखाखाली मंडळाचं यंत्र मांडायचं आणि एक्याण्णव वर्षांच्या वडिलांना पुन्हा एकदा त्या उजवीकडच्या जागेवर बसवायचं, एवढ्यासाठी त्यांचा चार वर्षांचा सगळा खटाटोप. आणि ते माझ्या होकारावर अडलेलं.

विमान माझ्या हाती देताना त्या म्हणाल्या होत्या, "क्लेमंट, दयामाया नको हं. दाखवलीत तर मला कळेल. खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात."

माझे कान त्यांच्यासमोर एरवीही लाल होतात. पण तेही बोलायला मला धीर नव्हता.

विमान आतून पाहिलं आणि मी हरखलो. वेग-उंचीच्या घड्याळांच्या काचांवर बारीक ओरखडे होते. आसनाचं चामडं जिथे माणूस हात टेकेल तिथेच झिजलेलं होतं. या विमानाचं इंजिन चालू करायला बंदुकीसारखं काडतूस उडवावं लागतं, त्याचा असा धडाका झाला की माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. मग एकेक करून सिलिंडर जागे झाले, आधी खोकत, मग गुरगुरत. तो आवाज रोझलिंडबाईंनी नक्की कुठूनतरी खऱ्या इंजिनाशेजारी उभं राहून टिपला असणार. ब्रेक दाबले की हवा सुस्कारा टाकायची.

आणि मग मी धावपट्टीवर वेग दिला, तर ते विमान रुळावरून जावं तसं नाकासमोर सरळ गेलं.

इथेच सगळं अडलं. शेपटीला चाक असलेलं विमान वेग घेताना सरळ जात नाही. पुढचा पंखा त्याला एका अंगाला ओढतो, आणि वैमानिकाला दोन्ही पायांनी रडरची (शेपटीच्या सुकाणूची) पेडलं हलक्या हाताने, म्हणजे हलक्या पायाने, सांभाळत त्याला ताळ्यावर ठेवावं लागतं. माझ्याकडे असलेल्या प्रत्येक पुस्तकात हेच लिहिलंय. नव्या पोरांची खरी भंबेरी इथेच उडायची. रोझलिंडबाईंच्या विमानात मात्र भंबेरीला जागाच नव्हती. मी सावकाश वेग दिला, एकदम दिला, वारा आडवा लावून पाहिला. विमान आपलं शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखं सरळ.

मी मंडळाचे अध्यक्ष बर्नार्ड कटफोर्थ यांना फोन केला. त्यांचा आवाज फोनशिवायही पोचतो.

"मग लिही की तसं!" ते म्हणाले. "सरळ चालतं तर सरळ लिही."

"बर्नार्ड, चुकत मीच असेन तर?"

"तू नेहमीच असं म्हणतोस. मागे त्या समुद्री विमानाच्या वेळी तू स्वतःची माफी मागणारं परीक्षण लिहिलं होतंस, आठवतंय? विमान बुडत होतं, लेका!"

"हो, पण..."

"की थ्रॉवरबाई शनिवारी तो मनुकांचा प्लम ब्रेड आणायच्या बंद होतील म्हणून घाबरतोयस?"

"तसं काही नाही."

"नाहीच. तुझे कान मला इथून दिसतायत."

त्यांनी फोन ठेवला. मी त्या जीव नसलेल्या वाक्याकडे परत गेलो. खोटं लिहिलं तर रोझलिंडबाईंना कळणार होतं. खरं लिहिलं तर खुल्या दिवशी यंत्रावर दुसरंच कुठलं तरी विमान असणार होतं, आणि त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांची खुर्ची रिकामी. मी वाक्य तसंच ठेवलं. त्या रात्रीची झोप काही चांगली म्हणता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी दाराबाहेर काहीतरी चिरडल्याचा आवाज आला. पाहतो तर माझ्या लॅव्हेंडरच्या वाफ्यात एक बॅटरीवरची तीनचाकी खुर्चीगाडी रुतली होती. तिच्यावर कोट, टाय आणि चकचकीत बूट घातलेले एक वृद्ध गृहस्थ ताठ बसले होते.

"क्लेमंट ओडलिंग तूच का?" ते म्हणाले. "मी रेजिनाल्ड थ्रॉवर. तुझी झाडं रस्त्यात आहेत."

"साहेब, तो रस्ता नाही, वाफा आहे."

"मग वाफा रस्त्यात आहे. हात दे, उतरव."

मी घाबरलो. "साहेब, नियमाप्रमाणे शनिवारपर्यंत विमान बनवणाऱ्याशी बोलता येत नाही."

"मी विमान कुठे बनवलंय? मी फक्त बनवणारीला बनवलंय. चल, दाखव."

"तुमच्या मुलीला माहीत आहे तुम्ही इथे आलात ते?"

"तिला वाटतंय मी पायांच्या बाईकडे गेलोय, नखं कापून घ्यायला. घरच्या सगळ्यांनी मला खुल्या दिवसापर्यंत थांब म्हणून सांगितलंय. एक्याण्णव वर्षांच्या माणसाला 'थांब' म्हणणं म्हणजे काय असतं माहितीय तुला? नाही. तू अजून पोरगा आहेस."

मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. पण वाद घातला नाही.

माझ्या टेबलापाशी मी स्वयंपाकघरातली दुसरी खुर्ची आणली. ती मी डावीकडे ठेवत होतो तर त्यांनी काठीने ती उजवीकडे सरकवली आणि तिच्यावर बसले. पडद्यावर प्रोव्होस्टचा आतला भाग उजळला. म्हातारबाबा पुढे वाकले. मग त्यांनी पडद्यावरच्या एका कोपऱ्याला बोट लावलं.

"हा रंग उडालेला तुकडा. इथे माझा गुडघा लागायचा. सगळ्यांचाच लागायचा." त्यांनी बोट मागे घेतलं. "चालू कर."

काडतूस धडाडलं. ते खदखदून हसले. "वा, पोरी!" ते पडद्याला म्हणाले.

मग मी विमान धावपट्टीवर आणलं आणि वेग दिला. विमान सरळ गेलं आणि उठलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"हे माझं विमान नाही," ते हळूच म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं, साहेब. मी तसं लिहिलंय."

"लिही. तुझं कामच आहे ते." त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. "ती मला सारखं विचारायची, बाबा, ते कसं ओढायचं, किती ओढायचं. मी तिला रोज संध्याकाळी सांगायचो. बहुतेक मी चुकीचं सांगितलं. किंवा मला आता आठवतच नाही." मग ते म्हणाले, "तिला मी इथे आलो होतो ते सांगू नकोस. तुझा नकार आला तर आला. होकार आला तर मी त्या दिवशी अप्रतिम म्हणेन. खोटं बोलणं मला छान जमतं, मी हवाईदलात होतो."

माझ्या मनात आलं, एका विमानापायी दोन म्हातारी माणसं कान लाल करून बसणार. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "साहेब, पुन्हा एकदा करू या का? कदाचित मीच फार जपून करतोय."

त्यांची पाठ ताठ झाली. "बरोबर! जपून करू नकोस. पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्यासारखं कर. गाढवासारखं कर!"

"ते मला जमेल."

मी विमान पुन्हा पट्टीच्या टोकाला आणलं आणि थ्रॉटलचा, म्हणजे वेगाचा, दांडा एका झटक्यात पुढे ढकलला. इंजिन गरजलं. खरं प्रोव्होस्ट असतं तर अशा वेळी शिक्षक जागेवरून उसळलाच असता. म्हातारबाबा उसळलेच. पासष्ट वर्षं मध्ये गेलीच नव्हती जणू. त्यांनी काठी टाकली आणि असे ओरडले की शेजारची कुत्री भुंकू लागली:

"कंट्रोल माझ्याकडे!"

विमान शिकवणाऱ्यांची ही रीत मी वाचून वाचून पाठ केली होती. शिक्षक असं म्हणाला की विद्यार्थ्याने तसंच उत्तर द्यायचं आणि क्षणात हात-पाय सगळं सोडून द्यायचं. आयुष्यात मला ही संधी कधी मिळेल असं वाटलं नव्हतं.

"कंट्रोल तुमच्याकडे!" मी ओरडलो. हात वर केले. पाय पेडलांवरून उचलून थेट हवेत धरले.

म्हातारबाबांनी समोर हात टाकला. तिथे स्टिक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, नव्हती. तिथे माझा चहाचा कप होता.

आम्ही दोघे तसेच बसून राहिलो. माझे चारही अवयव अधांतरी, त्यांच्या हातात कप, आणि पडद्यावर प्रोव्होस्ट पूर्ण वेगात, कुणाच्याही हाती नसलेलं, नाकासमोर सरळ धावत होतं. त्याने शेपटी उचलली, मग आपलं आपण जमीन सोडली आणि चर्चच्या मनोऱ्यावरून डौलात निघून गेलं.

"ओडलिंग," म्हातारबाबा म्हणाले, "कोण चालवतंय ते?"

"साहेब, मी नाही."

"मीही नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो इतका लख्ख होता की मला खाली बसावंसं वाटलं, पण मी बसलेलोच होतो.

वसंतात माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे पाय दाबायला बंदी होती. विमानाशिवाय राहवेना, म्हणून मी सिम्युलेटरच्या सेटिंगमधल्या एका चौकोनात खूण केली होती. ती केली की रडरचं काम यंत्र स्वतः करतं. गुडघा बरा झाला तसा मी पेडलं पुन्हा टेबलाखाली आणली, पाय ठेवले, आणि खूण विसरलो. त्या दिवसापासून मी पेडल दाबलं की यंत्रही दाबायचं, आणि मी चुकलो की निमूटपणे दुरुस्त करायचं. मधल्या काळात मी एकच विमान तपासलं होतं, मोठं प्रवासी, आणि ते मुळातच सरळ जाणारं. मला वाटत होतं, माझे पाय आता सुधारलेत.

मी खूण पुसली. म्हातारबाबांना काही सांगितलं नाही. विमान टोकाला आणलं आणि अगदी सावकाश, अगदी जपून वेग दिला.

प्रोव्होस्टने क्षणभर विचार केला. मग त्याने नाक एका अंगाला फेकलं. मी पेडल दाबलं, ते दुसऱ्या अंगाला गेलं. मी घाबरून दुसरं दाबलं. शेपटी फिरली, पट्टी संपली, गवत सुरू झालं, एक कुंपण आलं आणि गेलं, आणि आम्ही एका बीटच्या शेतात धूळ उडवत आलो त्या दिशेला तोंड करून उभे राहिलो.

मी शेजारी पाहिलं. म्हातारबाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आधी मला वाटलं रडतायत. मग खुर्ची हलायला लागली.

"हीच ती!" ते हसता हसता धापा टाकत म्हणाले. "हीच ती अवदसा! पोरीने बरोब्बर पकडलीय! पुन्हा कर, पोरा, पुन्हा कर! पाय! पाय वापर! तुझे आहेत की भाड्याने आणलेत?"

दुपारपर्यंत मी बीटचं बरंचसं पीक नासवलं. जाताना लॅव्हेंडरचा उरलेला भागही गेला.

शनिवारी हॉल भरला होता. रोझलिंडबाई पुढच्या रांगेत, मांडीवर रुमालात गुंडाळलेला प्लम ब्रेड. बर्नार्ड यांनी माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि कागद उघडला.

मी सगळं वाचलं. गुडघा, खूण, हवेत उचललेले पाय. म्हातारबाबांचं नाव मात्र घेतलं नाही, फक्त 'एक जाणकार पाहुणे' म्हटलं. "या विमानाला मी दोन आठवडे निर्जीव समजत होतो," असं मी शेवटी लिहिलं होतं. "दोष माझ्या टेबलाचा होता. विमान जिवंत आहे आणि त्याला मी आवडत नाही. होकार."

मी कागदाची घडी केली. मग बर्नार्ड यांना हसू सुटलं आणि ते सुटलं की हॉलमध्ये दुसरं काही ऐकू येत नाही.

"म्हणजे वसंतापासून तू पांगुळगाड्यात उडतोयस!" ते ओरडले. "आणि आम्हाला शिकवतोयस!"

"मी कधीच शिकवलं नाही," मी म्हणालो.

"खरंय, नाही शिकवलंस. बस खाली, ब्रेड खा."

चहाच्या वेळी रोझलिंडबाई माझ्यापाशी आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"जाणकार पाहुणे," त्या म्हणाल्या. "काल पायांच्या बाईचा फोन आला होता. बाबा आलेच नाहीत म्हणून. घरी आले तेव्हा त्यांच्या गाडीच्या चाकांत लॅव्हेंडर अडकलं होतं."

मी कपात पाहिलं.

"काय म्हणाले ते? विमान पाहून?"

"अवदसा म्हणाले."

त्यांनी हातातली बशी टेबलावर ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं. परत वळल्या तेव्हा चेहरा नेहमीचा होता, नाक थोडं लाल. "एवढं मोठं कौतुक ते आईचंही करत नसत," त्या म्हणाल्या. मग, "त्यांनी खरंच 'कंट्रोल माझ्याकडे' म्हटलं? आणि तुम्ही सोडून दिलं?"

"रीतच आहे तशी."

"आणि त्यांच्या हातात काय होतं?"

"कप."

त्या विचारात पडल्या. तशाच विचारात त्यांनी मला ब्रेडचा दुसरा तुकडा वाढला, चीजसकट.

खुल्या दिवशी मी उशिरा पोचलो, मुद्दामच, म्हणजे गर्दीत मागे उभं राहता येतं. पण खऱ्या प्रोव्होस्टच्या पंखाखाली मांडलेल्या यंत्रापाशी उजवीकडच्या खुर्चीत म्हातारबाबा कोट-टाय घालून बसले होते आणि डावी खुर्ची रिकामी होती.

"आलास? बस," ते म्हणाले. "शिक्षक कधी डावीकडे बसत नाही. आणि विद्यार्थ्याशिवाय शिक्षक म्हणजे नुसता म्हातारा."

"साहेब, रोझलिंडबाई बसतील ना. मी पुन्हा शेतात जाईन. एवढी माणसं बघतायत..."

"म्हणूनच तुम्ही बसायचं," रोझलिंडबाई मागून म्हणाल्या आणि खांद्याला धरून मला बसवलं.

मी बसलो. काडतूस धडाडलं, मागे कुणाचं तरी मूल दचकून हसलं. मी वेग दिला. नाक फिरलं, मी उलटं पेडल दाबलं, गवत जवळ आलं.

"कंट्रोल माझ्याकडे!"

"कंट्रोल तुमच्याकडे!" मी हात-पाय उचलले आणि डोळे मिटून बीटच्या शेताची वाट पाहू लागलो.

शेत आलं नाही. मी डोळे उघडले. म्हातारबाबांच्या पुढ्यात स्टिक होती, आणि टेबलाखाली त्यांच्या बाजूला पेडलांची दुसरी जोडी. ती रोझलिंडबाईंनी त्या आठवड्यात जोडली होती. चालायला नकार देणारे ते पाय चकचकीत बुटांत थोडं डावं, थोडं उजवं, पियानोच्या खालच्या पेडलांवर ठेवल्यासारखे हलत होते. प्रोव्होस्ट एकदा अंग चोरून वळवळलं. मग ओळख पटल्यासारखं पट्टीच्या मध्यावर आलं, शेपटी उचलली आणि उठलं.

मंडळी टाळ्या वाजवत होती. रोझलिंडबाईंचा हात अजून माझ्या खांद्यावरच होता. तो काढायला बहुधा विसरल्या असाव्यात, आणि मी काही आठवण करून दिली नाही. माझे पाय हवेतच होते.

"ओडलिंग," म्हातारबाबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "कान लाल झालेत तुझे. पाय खाली ठेव आणि बाहेर बघ. खिडकीकडची जागा तुझी आहे."